राऊतकाकांचा मे महिना

एप्रिलचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या शेड रूममध्ये, म्हणजे रंग जुळवायच्या खोलीत, राऊतकाकांना खुर्ची टोचायला लागायची. बसले की उठायचे, उठले की खिडकीपाशी जायचे, बॉयलरच्या चिमणीमागचं पांढरंफटक आभाळ बघायचे आणि "अजून पाच दिवस गो सांगली, कसे काढू?" असं मला विचारून परत येऊन बसायचे. मी म्हणायचे, "काका, मे येणार आहे, जावई नाही येणार. ते नमुने बघा आधी." ते मान डोलवायचे आणि दोन मिनिटांत पुन्हा खिडकीशी. ज्याच्याबरोबर आठ तास एका खोलीत काढायचेत तो माणूस असा उठबस करत राहिला की डोकं फिरतं. माझं फिरायचं. मी दोनदा स्टेपलर आपटलेला आहे.

सांगली म्हणजे मी. आठ वर्षांत या माणसानं माझं नाव एकदाही घेतलं नाही. आमच्या बोईसरच्या कारखान्यात सगळेच बाहेरगावचे, तेव्हा नावं लक्षात ठेवण्यापेक्षा गावं ठेवलेली बरी, असा त्यांचा हिशेब. मॅनेजर नागपूर. डाइंग मशिनवरचे यादवजी, वयानं काकांच्याच बरोबरीचे, ते जौनपूर. आणि मी, केमिस्ट्री शिकून घामाच्या धारांत येऊन पडलेली, सांगली. स्वतः काका माहीमचे. "मुंबईतलं का?" असं कोणी चुकून विचारलं तर त्याच्याशी दिवसभर बोलायचे नाहीत. केळव्याच्या शेजारचं माहीम, पालघरचं. "माहीम एकच. दुसरं लोकांनी पाडलेलं नाव हाय," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

आमचं काम असं. गिऱ्हाईक चार बोटांचा कापडाचा तुकडा पाठवायचं, त्या रंगाचं कापड आम्ही रंगवून द्यायचं. लॉट निघाला की त्यातली पट्टी आणि गिऱ्हाइकाचा तुकडा लाइट बॉक्समध्ये शेजारी शेजारी ठेवायचे, ठराविक उजेडात बघायचे आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा. हा शिक्का राऊतकाकांच्या हातात. आमच्याकडे रंग मोजायचं मशीन होतं, पण मशीन पास म्हणालं आणि काका रिजेक्ट म्हणाले तर लॉट परत जायचा, आणि उलटं झालं तर पास व्हायचा. इतका त्या डोळ्यांचा दरारा.

रंगांना नंबर असायचे. काकांना नंबर आवडत नसत. त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं, तोंडलीचा हिरवा, सोड्यांचा गुलाबी, भिजवलेल्या वालाचा, पिकल्या सुपारीचा. नागपूर रजिस्टर उघडून कपाळाला हात लावायचा. "राऊत, ही शेड रूम आहे का भाजी मार्केट?" काका शांतपणे म्हणायचे, "साहेब, नंबर कोणी खाल्लाय काय? खाल्लेला रंग माणूस विसरत नाय." गंमत म्हणजे खरंच कोणी विसरायचं नाही. सोड्यांचा गुलाबी म्हटलं की यादवजीसुद्धा बरोबर रंग काढायचे. त्यांनी जन्मात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, खाल्ले नव्हते, पण काकांनी आणून दाखवले होते, हुंगवलेही होते.

अकरा महिने हा माणूस एक दिवस रजा घ्यायचा नाही. ताप असला तरी गोळी घेऊन हजर. आणि मे महिना सबंध गायब. एक तारखेपासून एकतीसपर्यंत. त्या महिन्यात ते चित्रकार असायचे.

कोणाकडे शिकलेले नव्हते. हार्डबोर्डचे वहीएवढे तुकडे, तेलरंगांच्या ट्यूबा, ओली चित्रं ठेवायला प्लास्टिकचा क्रेट, एवढं सगळं स्कूटरवर बांधायचं आणि सकाळी सहाला निघायचं. कुठे, ते रस्त्यात ठरायचं. माझ्या दुसऱ्या मे महिन्यात त्यांनी मला एका रविवारी बोलावलं. म्हणाले, "सांगली, तू ह्या मुलखात घाम सोडून काय बघितलंस?" मी चिडून म्हटलं, काही बघण्यासारखं आहे का इथे? झालं. ते वाक्य मला पुरून उरलं.

सकाळी माहीमच्या वाडीत. केळी, नारळ, सुपाऱ्या, मध्ये तोंडलीचे मांडव, पाटातून पाणी खेळतंय, आणि बोईसरपेक्षा अंगाला चार अंश गार. मला वाटलं आता निवांत बसायचं. कसलं निवांत! काकांनी बोर्ड मांडीवर घेतला, मांडवाखालचा उजेड चार फटकाऱ्यांत पकडला, मी 'वा' म्हणायला तोंड उघडतेय तोवर उठले. "हे झालं. जामाखाली चल." जाम म्हणजे पांढरं, घंटेसारखं, पाणीदार फळ. झाडाखाली सडा पडलेला. तिथे दहा मिनिटं. मग "नदीवर ऊन आलं असेल" म्हणून स्कूटर मासवणकडे, मी मागे क्रेट मांडीवर घेऊन. वाटेत एका आदिवासी बाईकडून पळसाच्या पानात करवंदं घेतली. ती खायला घेतलेली नव्हती, बरं का. एक करवंद चिरडून अंगठ्यावर घासलं, उन्हात धरलं, "बग, बग, आत काळा नाय, जांभळा हाय," म्हणाले, आणि मग उरलेली मला दिली. सूर्या नदीच्या काठी बसून पाण्याचं चित्र अर्धं काढलं आणि थांबले. मी म्हटलं, "काका, पूर्ण करा की एक तरी!" तर म्हणतात, "पूर्ण करत बसलो तर घिवलीचा उजेड जाईल."

घिवलीला पोचलो तेव्हा माझी कंबर गेलेली. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले, पलीकडे अणुऊर्जा प्रकल्पाच्या इमारती. काका रंगवायला बसले, तेवढ्यात खाकीतला एक गृहस्थ आला. काय काढताय, कशाला काढताय, इथलं काही काढायचं नसतं. काकांनी बोर्ड त्याच्यापुढे धरला. त्यानं बराच वेळ पाहिलं. "अहो, पण इथे समोर एवढा मोठा प्रकल्प आहे, तो कुठाय ह्यात?"

"तो पुसला मी," काका म्हणाले. "बोंबलाच्या मधे येत होता."

जाताना उलट बोंबील कुठले चांगले ते सांगून गेला.

दुपारी तीनला माहीमला परत, तेव्हा मंदावहिनींनी ताटं मांडली. काकांची बायको. ठेंगणी, चटपटीत बाई, बोलणं मोजकं आणि नेमकं लागणारं. तांदळाची भाकरी आणि कैरी घालून केलेलं सुकट. मी मटण ओरपणाऱ्या घरातली, पण सुक्या मासळीच्या वासानं मला मळमळून यायचं. नाक दाबून बसले. काका मात्र ताट उचलून ओट्यावर गेले आणि ते उन्हात असं फिरवून, तसं फिरवून बघायला लागले. वहिनी आतून म्हणाल्या, "आले बगा शेड मॅचर. गार झाल्यावर जेवतील." मग मला म्हणाल्या, "तू खा गो. ह्यांचं नको बगू. ह्यांनी लग्नाच्या दिवशी पण श्रीखंड उजेडात नेऊन बगितलेलं." मी एक घास खाल्ला. मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुढे दर वर्षी मे महिन्यात मीच विचारायचे, काका, सुकट कधी?

असा तो महिना. एकतीस दिवसांत चाळीस-पन्नास बोर्ड, एकही पुरा नाही. एक जूनला हा माणूस उन्हानं करपून, पाच किलो वजन घटवून, समाधानानं शेड रूममध्ये येऊन बसायचा आणि अकरा महिने हलायचा नाही.

माझ्या पाचव्या मे महिन्यात तो प्रकार झाला.

एका पांढऱ्या कापडाचा लॉट निघाला, पण नमुन्यापेक्षा जरा मातकट. मी काकांना फोन लावला. पलीकडे पंपाचा आवाज. मी सांगितलं तसं ओरडून म्हणाले, "जामाकडे ने गो, जामाकडे! अगदी थेंबभर!" मला समजलं. जामाचा पांढरा म्हणजे किंचित हिरवट छटा असलेला. मी यादवजींना सांगितलं, "काका बोले, जाम की तरफ ले जाना है. थोडासा." यादवजींनी मान डोलावली, "जाम. समझ गए," आणि मी जेवायला गेले.

आता चूक माझीच. सोडे दाखवले होते, तोंडली दाखवली होती, पण जाम काकांनी यादवजींना कधी दाखवला नव्हता. यादवजींच्या माहितीतला जाम एकच, पावावर लावायचा. त्यांनी इमानेइतबारे थेंबभर लाल टाकला. मी परत येते तर सबंध लॉट गुलाबी! मी किंचाळले. यादवजी म्हणाले, "मैडम, आप ही ने तो बोला, जाम." आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला बरणीचा फोटो दाखवला. कप्पाळ माझं!

काका संध्याकाळच्या आत हजर. मे महिन्यात कारखान्यात पाऊल टाकायची त्यांची ही पहिली वेळ. हकीकत ऐकून आधी पोट धरून हसले, यादवजींच्या पाठीवर थाप मारली, "जौनपूर, तुला टोपलीभर जाम आणून घालतो," म्हणाले आणि कामाला लागले. गुलाबी मारायला हिरवट निळा टाकावा लागतो. ते टाकत गेले. पट्टी काढायची, लाइट बॉक्समध्ये बघायची, "अजून." पुन्हा पट्टी. "अजून." मी शेजारी उभी. चौथ्या वेळी मी पुढे वाकले. पट्टी निळी होती. किंचित नव्हे, स्पष्ट. शाळेच्या शर्टाला नीळ जास्त झाल्यावर दिसते तशी. काका त्या पट्टीकडे वाकून पाहत होते आणि नमुन्याकडे पाहत होते. मग सरळ झाले. "आता झाला जाम," म्हणाले, आणि पासचा शिक्का मारला.

यादवजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. काका स्कूटरला किक मारून गेले. मग यादवजी हळूच म्हणाले, "मैडम, दोबारा मारते हैं." आम्ही लॉट पुन्हा मारला, म्हणजे मशिनीत घालून नव्यानं रंगवला. नागपूरला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माहीमला गेले आणि तोंडावर सांगितलं. मला गोड बोलता येत नाही. "काका, तुम्हाला निळा दिसत नाहीये." ते रागावतील असं वाटलं होतं. ते वाडीच्या कडेला गेले, परत आले, पुन्हा गेले. मग म्हणाले, "किती निळा होता?" मी म्हटलं, खूप. "खूप म्हणजे? कशासारखा?" आणि मला काही खाण्यातलं आठवेना. निळं कोण काय खातं?

मी त्यांना ओढून पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बरीच वर्षं मुरलेला. डॉक्टरनी सांगितलं, डोळ्यातली काच पिवळी-तपकिरी होत जाते, निळा रंग आधी जातो, आणि इतक्या सावकाश जातो की माणसाला पत्ता लागत नाही. अर्ध्या तासाचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. मी म्हटलं, सुटलो! काका बाहेर येऊन म्हणाले, "मे संपू दे."

मे संपला. मग म्हणाले गणपती होऊ देत. मग दिवाळी. मग थंडीत डोळा लवकर भरत नाही, असं त्यांना कोणीतरी म्हणे सांगितलं. मी भांडले. एकदा चिडून विचारलं, "भिता का एवढं सुईला?" तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. "सुईला कोण भितो गो. पण उद्या पडदा काढला आणि कळलं, की इतकी वर्षं मी खोटाच माल पास केला? इथला नाय. तिथला." तिथला म्हणजे वाडीतला. पडवीतल्या माळ्यावर रचलेले सात-आठशे बोर्ड. "तो रिजेक्ट झाला तर परत कुठल्या मशिनीत मारू?"

मी पुढे दोन वर्षं जे केलं ते बरोबर की चूक हे मला आजही ठरवता येत नाही. काका लाइट बॉक्समध्ये पट्टी ठेवायचे, वाकायचे, आणि सहज विचारल्यासारखं म्हणायचे, "सांगली, जेवलीस काय?" पट्टी बरोबर असली तर मी म्हणायचे, "जेवले." नसली तर, "नाही अजून." मग शिक्का पडायचा. नागपूर एकदा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "तुम्ही लोक दिवसातून किती वेळा जेवता रे?" काका म्हणाले, "साहेब, पोरगी लांबून आलीय, विचारावं लागतं." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. घरी गेल्यावर झोप लागायची नाही. एखाद दिवशी माझीच नजर चुकली तर? एका एप्रिलच्या अखेरीला मी फाडकन बोलले, "मी काय जन्मभर जेवत बसू का, काका?" ते त्या दिवशी खुर्चीतच बसून राहिले. एकदाही उठून खिडकीशी गेले नाहीत. त्यांना असं बसलेलं बघणं जास्त वाईट होतं.

ते निवृत्त झाले ते मार्चमध्ये. हार, नारळ, नागपूरचं भाषण. भाषणात नागपूर म्हणाला की राऊतांची नजर म्हणजे आपल्या कंपनीची इज्जत. काकांनी खाली बघितलं, मीही खाली बघितलं, यादवजींनी टाळी वाजवली.

आणि मग तो मे महिना आला. आता रजेचा प्रश्न नव्हता, तर शांत व्हायचं की नाही माणसानं? उलट भिंगरीच लागली पायाला. सकाळी मासवण, दुपारी घिवली, संध्याकाळी माहीमचा किनारा. एका दिवसात आठ-आठ बोर्ड. आपला डोळा चाललाय हे आता त्यांना माहीत होतं, त्यामुळे जे आहे ते उरकून घ्यायची घाई. मंदावहिनींचा मला फोन आला. "तू ये आणि ह्यांना सांग. काल स्कूटर पाटात घातली. मला म्हणतात पाट दिसला, पाणी नाय दिसलं."

मी रविवारी गेले. काका केळीत बसले होते आणि समोर वहिनींना उभं केलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माणूस कधी काढला नव्हता. माणसं हलतात म्हणायचे, स्वतः! वहिनींनी घरातली चांगली निळी साडी नेसली होती, गडद, मोरपंखीही नाही, सरळ निळी. हातात केळफूल. केळीच्या उजेडात बाई सुरेख दिसत होती. मी मागे जाऊन बोर्डाकडे पाहिलं.

"झालं," काका म्हणाले. "ये मंदा, बग."

वहिनी आल्या. पदरानं घाम पुसला. बोर्ड हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. केळीची पानं होती, झकास जमली होती, मागचा उजेड होता, केळफूलही होतं, हवेत लोंबत असल्यासारखं. काकांनी साडी पानांच्याच हिरव्यानं रंगवली होती. चेहरा खोडांच्या पिवळटात गेला होता.

"छान हाय," वहिनी म्हणाल्या. "मी कुठे हाय?"

"म्हणजे काय? ही काय मधे."

"मला नाय दिसत."

"चेष्टा करू नको."

वहिनींनी बोर्ड माझ्यापुढे केला. "तू सांग गो. मी हाय ह्यात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारतील, जेवलीस काय. विचारलं नाही. नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "नाही काका. वहिनी नाहीत ह्यात."

त्यांनी ब्रश पाटात धुतला. बराच वेळ धुतला. मग बोर्डाकडे न बघता म्हणाले, "सांगली, पालघरच्या त्या डॉक्टरला फोन लाव."

आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी तिथे नव्हते, माझ्याही मागे एक भानगड लागलेली होती. आमचं युनिट बंद होणार असं ठरलं होतं आणि मी सांगलीकडच्या नोकरीसाठी मुलाखती देत हिंडत होते. नोकरी पक्की झाली. सामान बांधलं आणि मे महिन्याच्या अखेरीला काकांचा निरोप घ्यायला माहीमला गेले.

वाडीत शिरले आणि थबकले. सात-आठशे बोर्ड बाहेर काढले होते. झाडांच्या बुंध्यांना टेकवून, पाटाच्या कडेनं, मांडवाच्या खांबांना, ओळीनं. काळा चष्मा कपाळावर चढवून काका त्या ओळीतून चालले होते, डावा डोळा हातानं झाकून. मागून वहिनी, "चष्मा घाला, डॉक्टर काय बोलले, चष्मा घाला," असं म्हणत. मला बघून त्यांनी हात केला, थांबले नाहीत.

"हे बग. हे खरे हायत." सुरुवातीचे बोर्ड. आभाळ निळं, पाणी निळं. चालत राहिले. "हा पण. हा पण." मग पावलं सावकाश झाली. जांभळाची सावली तपकिरी व्हायला लागली होती. घिवलीचा समुद्र चहासारखा. सगळ्या ओळीवर जुन्या कंदिलाच्या काचेतून बघितल्यासारखा पिवळा उतरत गेला होता. एका बोर्डापाशी ते थांबले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. "इथून," म्हणाले. "इथून गेला."

त्यापुढे निम्म्याहून जास्त ओळ शिल्लक होती. ती त्यांनी सगळी पाहिली. एकही बोर्ड सोडला नाही. मला वाटत होतं हा माणूस आता कोसळेल, आणि मी काय करू? ओळीच्या शेवटी तो केळीचा बोर्ड होता. त्याच्यासमोर ते उकिडवे बसले आणि बोटानं शोधायला लागले. पानातून, खोडातून, पुन्हा पानातून. बोट केळफुलापाशी थांबलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, लपवलं नाही.

"डॉक्टरनी रडू नका सांगितलंय," वहिनी म्हणाल्या.

काका उठले. वळून वहिनींकडे बघितलं, डावा डोळा झाकून. मग हात काढला. मग पुन्हा झाकला. दोन पावलं पुढे आले. त्यांच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं, ताट वळवायचे तसं, आणि बघत राहिले. वहिनी माझ्यासमोर लाजल्या. "काय चाललंय! सोडा."

"मंदा," काका म्हणाले, "तुझे केस कदी पिकले गो?"

वहिनींनी पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाल्या, "झाली की बारा-पंधरा वर्षं. दर मे महिन्यात थोडे थोडे."

काकांनी मान हलवली. रंगांची पेटी ओढली, कोरा बोर्ड घेतला, जागा साफ करून मांडी घातली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगली, तू नीग आता. गाडीची वेळ झाली तुझी. मला इथे वेळ लागेल." मी वाकून नमस्कार केला, तोही त्यांना कळला नसावा. फाटकाशी पोचून मी मागे पाहिलं. वहिनी साध्या घरातल्या साडीवर उभ्या होत्या, चुळबुळत होत्या, भात राहिलाय, भांडी राहिलीत, कपडे राहिलेत, असं काय काय सांगत होत्या. आणि राऊतकाका म्हणत होते, "थांब. हलू नको. अजून कपाळसुद्धा झालं नाय."